अठराचाकी ट्रेलरच्या मेंटेनन्सला दरमहा किती बाजूला काढायचे?

जगबुडीकाठ:
नमस्कार मंडळी. 2021 चा बीएस-6 घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि तीन एक्सलचा चाळीस फुटी ट्रेलर सेकंडहँड घेतलाय. मिळून अठरा चाकं. लोट्याहून न्हावा शेवाला कंटेनर, मध्येच कधी कुंभार्ली घाटाने कराडकडे. हप्ता, डिझेल, ड्रायव्हर, टोल यांचा हिशोब बसतो. दुरुस्तीचा काही बसत नाही. एक महिना ग्रीसिंगवर भागतं, दुसऱ्या महिन्यात क्लच पुढ्यात. भाऊ म्हणतो महिन्याला ठराविक रक्कम टाकत जा. किती टाकायची?

चिपळूणचा ट्रेलरवाला:
भावाचं ऐकू नकोस. महिन्याला ठराविक टाकलीस तर जास्त पळालेल्या महिन्यात कमी पडणार. भाडं हातात आलं की किलोमीटरवर गुणून तिथल्या तिथे वेगळ्या खात्यात टाक. ते खातं घरात कुणाला दाखवू नको, गणपतीत मोकळं होतं.

टायरपासून सुरुवात कर, कारण सगळ्यात मोठा खड्डा तोच. समज, एक टायर 22 हजारांचा आणि 70 हजार किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला 31 पैसे. ऐकायला काहीच नाही. अठराने गुण, साडेपाच रुपयांच्या वर जातो. तुझ्या खरेदीचा भाव आणि तुझ्या गाडीचं रनिंग घालून हाच गुणाकार कर. मग ब्रेकचे लायनर, क्लच, सस्पेन्शनचे पाटे-बुश, हब ग्रीस, ऑइल-फिल्टर, सगळ्याचं असंच काढ: येणारा खर्च भागिले किती किलोमीटर टिकतं. ऑइलची मुदत कंपनीच्या पुस्तकातली धर, गॅरेजवाल्याची नको.

आता रस्ता. कशेडीचा बोगदा झाल्यापासून न्हावा शेवाच्या फेरीत लायनर वाचतात. कुंभार्लीत मात्र वळणावर ट्रेलरचे मागचे टायर आडवे घासतात आणि उतारावर ड्रम तापतात. त्या फेरीला किलोमीटरचा दर मी वेगळाच लावतो, भाडंही तसंच मागतो. पार्टी कुरकुरते. कुरकुरू दे.

जगबुडीकाठ:
काका, पटलं. पण पावसात फेऱ्या कमी होतात. गणपतीत तर हायवेवर अवजड गाड्यांना बंदी असते. किलोमीटरच नाहीत तर खात्यात काय टाकू?

चिपळूणचा ट्रेलरवाला:
बरोबर पकडलंस. म्हणून दुसरा कप्पा, वर्षाचा. इन्शुरन्स, फिटनेस, बॅटरी आणि गंज, हे गाडी उभी असली तरी लागतंच. तुझी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. वर्षाची बेरीज करून ती ऑक्टोबर ते मे एवढ्यातच वसूल करायची. जून ते सप्टेंबरवर भिस्त ठेवलीस तर उसने काढावे लागतील.

मृगाच्या आधी खर्चच कर, टाळू नको. चासिसला गंजरोधक रंग, घोडा-ट्रेलरच्या लाइटचा प्लग साफ, वायरिंगचे जोड बंद, ट्रेलर जिच्यावर बसतो त्या फिफ्थ व्हीलला ताजं ग्रीस. एअर टाकीतलं पाणी पावसात रोज काढायला सांग, नाहीतर ते व्हॉल्व्हपर्यंत जातं आणि ब्रेकचं दुखणं मागे लागतं.

मिरकरवाडा:
मासळीच्या गाडीवाल्याचं ऐका. बर्फाचं खारं पाणी चासिसच्या आडव्या क्रॉस मेंबरवर बसलं की पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्याकडे गोड्या पाण्याने धुण्याचा खर्च डिझेलसारखाच ठरलेला. कंटेनरवाल्यांना एवढं नाही, पण बंदराच्या यार्डात गाडी चार दिवस अडकली तर बाहेर पडल्यावर खालून धुवून घ्या. आणि बीएस-6 ला धूर साफ करायला जो युरिया लागतो, तो स्वस्तातला घालू नका. नोझलला खडे धरतात, गाडीची ताकद कमी होते, त्यात वाचलेले पैसे सेन्सरवाला घेऊन जातो.

चिपळूणचा ट्रेलरवाला:
युरियाचं लाख बोललात.

एक राहिलं. क्रेनचे पैसे या दोन्ही कप्प्यांत धरू नको. घाटात बंद पडलेली गाडी ओढायची तर समोरचा सांगेल तो भाव, वर भाडं बुडतं ते निराळं. तेवढी रोकड सुरुवातीलाच बाजूला टाक आणि वापरलीस तर पुढच्या भाड्यातून आधी तीच भर.

आणि ड्रायव्हर. उतारावर खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) वापरणाऱ्याचे लायनर पुष्कळ जास्त चालतात. माझ्याकडे लायनर ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे गेले की वाचलेल्यातला अर्धा ड्रायव्हरचा. आमच्या गाड्यांवर याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच झाला नाही.

जगबुडीकाठ:
हे लगेच करतो. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर लावले तर साडेपाचाचा आकडा खाली येईल ना?

चिपळूणचा ट्रेलरवाला:
येईल. केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, चांगली असेल तर ट्रेलरला लाव, एकदा तरी. मागे लावताना जोडीतले दोन्ही सारख्या उंचीचे बघ, नाहीतर सगळा भार एकावर येतो. घोड्याच्या पुढच्या दोन चाकांना मात्र नवेच. तिथे मी पैशाकडे बघत नाही.