प्रत्येक सेटला जीव काढू नका
इथे एकांनी लिहिलंय की रोज हात थरथरेपर्यंत सेट (सलग उचलण्याची एक फेरी) मारूनही बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजनाचा बार छातीवरून वर ढकलणं) ६० किलोवरच अडकलाय. मला वाटतं, गोम तिथेच आहे. ताकद हवी तर वजन जड, रेप्स (एका सेटमध्ये वजन उचलण्याच्या वेळा) ३ ते ५, आणि एखादा रेप हातचा राखून सेट थांबवायचा. दोन सेटच्या मधे ३ ते ५ मिनिटं चक्क बसून राहायचं (लोक बघतात, बघू देत!). सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते, एकाच वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला ती शिकते. त्यामुळे रोज जीव काढण्यापेक्षा तीच लिफ्ट (उचलण्याचा तोच व्यायाम) आठवड्यातून २-३ दा पुरे. आणि सव्वा किलोच्या प्लेटची लाज कसली? दोन्ही बाजूंना एकेक चढवली की अडीच किलो वाढले. मी प्रत्येक सेट वहीत लिहितो, नाहीतर मागच्या खेपेला बार छातीपाशी अडला होता की अर्ध्यावर, हे आठवतच नाही.