उत्तर: उत्तर: पेठच्या पाड्यासाठी आरओ, शुक्रवारपर्यंत कळवा

खजिनदार:
मंडळी, कोटेशनची मुदत शुक्रवारी संपते. पेठच्या पाड्यावर पिण्याच्या पाण्यासाठी आरओ (पाणी शुद्ध करायचं विजेवरचं यंत्र) घ्यायचं की नाही, एवढंच सांगा. पाटी, उद्घाटन वगैरे नंतर बघू.

ताई (पेठ-सुरगाणा गट):
आरओ नको. पेठ-सुरगाण्यात पाऊस दणकून पडतो, पण काळ्या पाषाणात फारसा मुरत नाही. नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेला निघून जातो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पाड्याच्या झऱ्याचं पाणी खारट नाही, म्हणून आरओची गरज नाही. तिथे भीती जंतूंची: उघडं पाणी, काठावर गुरं, वळवाच्या पावसाचा गढूळ लोंढा. आरओनं जंतू अडतात हे खरं, पण वीज लागते आणि बरंचसं पाणी वाया जातं. जिथे बाया विहिरीत उतरून वाटीवाटीनं हंडा भरतात, तिथे पाणी फेकणारं यंत्र कसं बसवायचं?
झऱ्यावर झाकणाची सिमेंटची टाकी बांधा, उतारानं पाड्यापर्यंत पाईप आणा. विजेचं काम नाही. टाकीत हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी). नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे.

काका (निफाड):
ताई, ओटी टेस्टला पाणी पिवळं होतं. असलं पिवळं पाणी कोण पिणार? आमच्याकडे आई तुरटी फिरवायची आणि दुहेरी फडक्यानं गाळायची. सगळी भावंडं धडधाकट आहोत.

ताई:
काका, पिवळं होतं ते नळीतल्या नमुन्याचं पाणी, ते ओतून द्यायचं असतं. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुमच्या आईंचं फडकं मात्र पाड्यावरही हवंच, गढूळ पाण्यात टीसीएल लागू पडत नाही. वासाची तक्रार खरी आहे. वास आला की लोक पुन्हा उघड्या डबक्याकडे वळतात, म्हणून औषध मापानंच टाकायचं.

सभासद (सिडको, नाशिक):
सरकारचं घरोघरी नळाचं जलजीवन मिशन २०१९ पासून चालू आहे, माणशी रोज ५५ लिटर द्यायचंय. मग आपण मध्ये कशाला पडायचं?

ताई:
नळ आला, पण पाण्याचा उद्भव, म्हणजे झरा किंवा विहीरच आटली तर तोटीतून काय येणार?

सचिव:
काही गोष्टी कार्यकारिणीवर सोडा. आपल्यासारख्या परदेशातल्या मंडळाचा पैसा भारतात फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही गटानं परस्पर कुणाला शब्द देऊ नये.

ताई:
शब्द कुणालाच दिलेला नाही. पाड्यावरच्या बायांना विचारून मग इथे लिहिते आहे, आणि ते मी थांबवणार नाही. संस्था तुम्हीच निवडा. फक्त तिला एक विचारा: टाकी झाल्यावर टीसीएल रोज कोण टाकणार? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक लांबच्या गावात राहतो. पिशवी दमट जागी उघडी राहिली तर क्लोरीन उडून जातं आणि उरते नुसती पांढरी भुकटी. पाड्यावरच्याच एका बाईला शिकवून मानधन द्यावं, असं माझं ठाम मत आहे.
आरओचं कोटेशन परत पाठवा. टाकी केवढी हवी ते मे महिन्यात झऱ्याखाली बादली धरून, ती भरायला किती वेळ लागतो ते पाहून ठरेल. माझा भाचा पेठला आहे, तो मोजेल.

खजिनदार:
ठीक. मग मेपर्यंत ही रक्कम कुठल्या खात्यावर दाखवू, ते सचिवांनी कळवावं.