खारी टाकी आणि आपला उन्हाळा: आधी मीटर घ्यावं की आधी रोजच्या भरीची सोय करावी?

लातूरची_टाकी
ऊन तापलं की खाऱ्या टाकीवाल्यांचा, म्हणजे घरात समुद्रातले मासे-प्रवाळ पाळणाऱ्यांचा, एकच प्रश्न येतो: सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) मोजायला कोणतं मीटर घेऊ? माझं मत ठाम आहे. मराठवाड्यात पैसा आधी उडालेल्या पाण्याची भर घालायच्या सोयीवर घाला, मीटरचं नंतर बघा. टाकीतून उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. 100 लिटरमधलं 3 लिटर उडालं की 35 पीपीटीची (हजार भागांत 35 भाग मीठ) सॅलिनिटी 36 वर जाते, 10 लिटर उडालं तर जवळपास 39. आपल्याकडची हवा कोरडी, त्यात टाकी गार राहावी म्हणून वर पंखा. तो पंखा गारवा देतो तोच मुळी पाणी उडवून. रोज सकाळी खुणेपर्यंत आरओचं गोडं पाणी पडत असेल तर टाकी साध्या हायड्रोमीटरवरही (पाण्याच्या घनतेवरून मीठ सांगणारं मीटर) नीट चालते. भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

रीफवाला_नांदेड
दादा, अर्धं पटलं. पातळी धरून ठेवली, पण कोणत्या आकड्यावर धरली? काट्याचे हायड्रोमीटर बहुतेक 25 अंशांसाठी बनवलेले असतात. 35 पीपीटीचं पाणी तिथे 1.026 (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) दाखवतं. मे महिन्यात टाकी 31 वर गेली की पाण्याची घनता उतरते, काटा खाली येतो आणि माणसाला वाटतं मीठ कमी पडलं. मग तो मीठ घालतो. म्हणजे उन्हाळ्यात जिथे सॅलिनिटी आधीच चढतेय, तिथेच हे मीटर आणखी मीठ घालायला लावतं! काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तर आकडा उलट वर जातो. हे आपल्या हवेत चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून मीठ सांगणारा मीटर) घ्या, आणि तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावून थांबू नका. शून्यावर बरोबर असलेला 35 वर चुकू शकतो. 35 पीपीटीचं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर लावा. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा, तिच्यातलंही पाणी उडतं. द्रावण मिळालं नाही तर 36.5 ग्रॅम शुद्ध मीठ 963.5 ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ते 35 च्या समुद्रपाण्यासारखंच दिसतं. हे फक्त मीटर लावण्यापुरतं. टाकीत घरचं मीठ अजिबात नको, त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम नसतं.

जालन्याची_ताई
दोघांचं वाचलं. मला रोज सकाळी खुणेपर्यंत भरायचं हेच पटत नाही. सकाळी एकदम तीन लिटर ओतलं की कोळंबीला आणि तारामाशाला झटका बसतो. मासा अंगातलं मीठ सांभाळून घेतो, या जीवांना तितकं जमत नाही. थोडं थोडं पडायला हवं, म्हणून एटीओच हवा, म्हणजे पातळी उतरली की डब्यातून आपोआप गोडं पाणी सोडणारं यंत्र.

लातूरची_टाकी
ताई, एटीओला माझा विरोध नाही, पण आपल्या लाइटचा भरवसा काय? लाइट गेली की वरच्या, माशांच्या टाकीतलं पाणी संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, उतरतं. लाइट आली की पंप आधी पाणी वर ओढतो, संप क्षणभर खाली जातो आणि एटीओला वाटतं पाणी कमी झालं. दिवसातून चार वेळा असं झालं तर? एटीओचा पातळी ओळखणारा तरंगता गोळा मिठाच्या थराने अडकला तर अख्खा डबा रिकामा होतो. झटका म्हणाल तर भर दोन-तीन वेळा विभागून, पंपाच्या प्रवाहात बारीक धारेने सोडायची.

जालन्याची_ताई
म्हणून डबा लहान ठेवायचा ना! 100 लिटरच्या टाकीत 5 लिटरचा डबा पूर्ण सांडला तरी 35 चं 33 होतं, त्यातून टाकी सावरते. 20 लिटरचा जार लावला तर 29 वर जाते. नळीचं तोंड डब्यातल्या आणि टाकीतल्या, दोन्ही पाण्यांच्या पातळीच्या वर बांधायचं, नाहीतर पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप ओढलं जातं. मी नळीला वरच्या काठाशी क्लिप लावते, टोक पाण्यापासून चार बोटं वर.

परभणीकर
मला मुळातच हा छंद इथे खटकतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, आणि आपण एक लिटर आरओ पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. गोड्या पाण्यातले मासे पाळा की, काय बिघडतं?

लातूरची_टाकी
दादा, ती पाण्याची गाडी आम्ही लातूरकर विसरलेलो नाही. तुमचा मुद्दा खरा आहे, म्हणून सांडपाण्याची नळी मोरीत सोडूच नये. ते पाणी भांड्यांना, फरशीला, संडासाला चालतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की आरओशिवाय भर घातली तर त्यातले क्षार टाकीत साचत जातात. पण टाकी लहान ठेवा, वर काच झाका, पंखा फक्त दुपारी लावा, हे मीही सांगेन. पाण्याची तंगी असेल त्या वर्षी नवी टाकी सुरू करू नये, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे.

परभणीकर
काच झाकली तर टाकी तापणार. मग पंखा, मग परत पाणी. याचं उत्तर मिळालं नाही.

बीडकर
एसीच्या नळीतून गळणारं पाणी भरीला वापरलं तर? ते तर फुकट आहे, आणि क्षारही नसतात.

रीफवाला_नांदेड
नको भाऊ. ते पाणी एसीच्या कॉइलवरून येतं, तिथे बहुधा तांब्याच्या नळ्या असतात. माशांच्या औषधात तांबं चालतं, पण कोळंबी आणि प्रवाळ त्याने मरतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) शून्याजवळ दाखवेल, तरी भरवसा ठेवू नका. झाडांना घाला.