उपवासकाळ : पश्चिमेने नियम सोडला की ओझे उतरवले?

वसईची वाट (धागालेखक)

कॅथलिक घरात वाढल्यामुळे राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थान रविवारापर्यंतचा प्रायश्चित्तकाळ मला परका नाही. तरीही माझे मत असे बनले आहे की पाश्चात्य चर्चने या काळातला उपवास १९६६ साली जवळजवळ सोडूनच दिला. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार वगळता हा संपूर्ण काळ उपवासाचा होता. पोप पॉल सहावे यांच्या ‘पेनितेमिनी’ या आज्ञापत्राने तो राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांवर आणला, आणि १९८३ च्या संहितेने तेच कायम केले. त्या दोन दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडेसे खाणे चालते. शुक्रवारचे मांसवर्जन उरले आहे, पण त्याच्या जागी दुसरे काही ठरवण्याची मुभा प्रत्येक देशातील बिशपांच्या परिषदेला आहे.

याच्या शेजारी पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च ठेवून पाहावे. तेथे पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या महाउपवासाच्या आधीच्या आठवड्यात मांस बंद होते, महाउपवासाचा पहिला दिवस असलेल्या ‘स्वच्छ सोमवार’पासून अंडी, दूध, लोणी, मासे बंद होतात, आणि तेल व द्राक्षारससुद्धा शनिवार-रविवारपुरते उरतात. मासे खाण्याची परवानगी फक्त २५ मार्चचा मरियेला देवदूताच्या निरोपाचा सण आणि झावळ्यांचा रविवार या दोन दिवशी. नाताळापूर्वीचे चाळीस दिवस, प्रेषितांचा उपवास, १ ते १४ ऑगस्टचा मरियेचा उपवास आणि बहुतेक बुधवार-शुक्रवार धरले तर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस होतात. नियम सर्वांना एकच असल्यामुळे शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते आहे हे न विचारता कळते. आमच्याकडे मात्र प्रत्येक जण आपापला त्याग निवडतो. कोणी चॉकलेट सोडतो, कोणी मोबाइल, आणि एकाचा उपवास दुसऱ्याला ठाऊकही नसतो.

शिळा पाव

सहमत नाही. शेजाऱ्याची चूल न विचारता कळावी, हीच तर अडचण आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपवास करताना डोक्याला तेल लाव आणि तोंड धू, म्हणजे तू उपवाशी आहेस हे लोकांना दिसणार नाही.

दुसरे असे की कडक नियम आला की त्यातून सूट विकत देण्याचा धंदाही येतो. पश्चिम युरोपात उपवासकाळात लोणी वर्ज्य होते. फ्रान्समधील रुआँच्या कथीड्रलचा पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण लोणी खाण्याच्या परवान्यासाठी लोकांनी मोजलेला पैसा त्याच्या बांधकामात गेला, असे सांगितले जाते. ज्या तेलाने रोममधले लोक आपले जोडेही पुसणार नाहीत ते आम्हाला खायला लावतात आणि मग लोणी खाण्याची मोकळीक आम्हालाच विकतात, अशी तक्रार जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्ये केली. आणि १५२२ च्या उपवासकाळात झुरिचमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज खाल्ले गेले, त्यावरून त्या शहरातील धर्मसुधारणेला तोंड फुटले. झुरिचचा धर्मसुधारक स्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू प्रवचनातून मांडली. १९६६ च्या निर्णयाकडे हा इतिहास डोळ्यांआड करून पाहता येणार नाही.

उत्तनचा वारा

एक छोटा मुद्दा. आमच्या किनाऱ्यावर शुक्रवारी मटण टाळून पापलेट खाणे याला त्याग म्हणायचे असेल तर असा त्याग रोज करायला माझी तयारी आहे. पण पूर्वेकडेही मासे बंद असताना कोळंबी, कालवे, माकूल चालतात, म्हणून ग्रीसमध्ये स्वच्छ सोमवारचे ताट बरेच भरगच्च असते. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते काही एकाच धर्मापुरते नाही.

कोट्टायमहून पुण्यात

पूर्व म्हणजे फक्त ग्रीस आणि रशिया, असे धरून चर्चा चालली आहे, म्हणून लिहिते. आम्ही केरळचे सेंट थॉमस ख्रिस्ती. आमच्याकडे ‘अंबदु नोंबु’ म्हणजे पन्नास दिवसांचा उपवास सोमवारी सुरू होतो. राखेचा बुधवार आमच्या मूळ परंपरेत नाही. या पन्नास दिवसांच्या सुमारे तीन आठवडे आधी योना संदेष्ट्याच्या आणि निनवे नगरीच्या आठवणीचा तीन दिवसांचा ‘मून्नु नोंबु’ असतो, आणि १ ते ८ सप्टेंबरचा ‘एट्टु नोंबु’ कोट्टायमजवळच्या मणर्काडच्या चर्चमध्ये मोठ्या गर्दीने पाळला जातो.

धागालेखकांनी म्हटलेली समाईक चूल मी अनुभवली आहे. कोणाच्या धाकामुळे ती तशी नव्हती. आजी मासे आणत नसे, एवढेच. येथे पुण्यात मात्र कार्यालयातील डब्यांच्या गराड्यात पन्नास दिवस एकटीने काढणे किती जड जाते हे मला दरवर्षी कळते. म्हणून श्री. शिळा पाव यांना माझा प्रश्न आहे : नियम ढिला केल्याने ओझे हलके होते, की फक्त ते एकट्याच्या खांद्यावर येते?

शिळा पाव

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मला पुरते देता येत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनाही बहुधा हेच जाणवले असावे, कारण ऐच्छिक झालेले शुक्रवारचे मांसवर्जन त्यांनी सप्टेंबर २०११ पासून पुन्हा सर्वांसाठी लागू केले. पण ऑर्थोडॉक्स नियमाचे जे वर्णन वर आले आहे तो मूळचा मठांचा नियम आहे. २०१६ च्या क्रीटमधील ऑर्थोडॉक्स चर्चांच्या परिषदेने नियम बदलला नाही, तरी आजारपण आणि कठीण परिस्थिती पाहून तो किती सौम्य करायचा हे स्थानिक चर्चवर सोपवले (रशिया, बल्गेरिया, जॉर्जिया आणि अंत्युखियाची चर्चे या परिषदेला आली नव्हती, हेही नोंदवतो). म्हणजे सूट तेथेही आहे. फक्त ती पाद्रीबाबाला विचारून मिळते.

वसईची वाट

विचारून मिळते, हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. नियम जागेवर राहतो आणि माणूस आपली अडचण घेऊन त्याच्यापाशी जातो. आमच्याकडे नियमच माणसाच्या सोयीकडे चालत आला. लोण्याच्या मनोऱ्याबद्दलचे म्हणणे मान्य करतो. पण तो दोष परवाना विकणाऱ्यांचा आहे. मांस न खाता भावालाच खाणाऱ्यांना पूर्वेकडील बिशप संत बाझिल यांनी चौथ्या शतकातच फटकारले होते, आणि तरीही उपवास बंद करा असे त्यांनी सुचवले नाही.

कोट्टायमहून पुण्यात

आणि पुनरुत्थानाच्या रात्री ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत योहान क्रिसोस्तोम यांच्या नावाने जे प्रवचन वाचले जाते, त्यात उपवास केलेल्यांनाही आणि न केलेल्यांनाही एकाच मेजावर बोलावले आहे. मात्र ते वाचतात उपवास संपताना, पहिल्या दिवशी नव्हे.