भिंतीवरचा ताऱ्यांचा तक्ता काढून टाकला. चुकलं का?

खडूची धूळ
चौथीचा वर्ग, पट ४१. दीड वर्ष भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता होता. गृहपाठ आणला, तारा. हात वर करून बोललं, तारा. दहा तारे झाले की एक खोडरबर. पहिले दोन महिने वर्ग इतका शहाणा झाला की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मागच्या आठवड्यात एका मुलाची पाण्याची बाटली सांडली. शेजारची मुलगी फडकं घेऊन उठली आणि पुसायच्या आधी मला विचारलं, "बाई, याला तारा आहे?" मी नाही म्हटलं. ती फडकं ठेवून जागेवर जाऊन बसली. पाणी तसंच.

मधल्या सुट्टीत तक्ता काढला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग डोक्यात होता. बालवाडीतली मुलं आवडीने स्केचपेननं चित्रं काढायची. काहींना आधी सांगितलं, काढलंत तर बक्षीस मिळेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिलं तर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. माझं मत स्पष्ट आहे: वर्गातली बक्षिसं ही लाच आहे आणि मुलांना तिची चटक लागते.

मागचा बाक
बाई, प्रयोग अर्धाच सांगितलात. त्यातल्या काही मुलांना आधी न सांगता, चित्र झाल्यावर अचानक बक्षीस दिलं होतं. त्यांची आवड कमी झाली नाही. आणि ती सगळी मुलं मुळात चित्रवेडीच निवडलेली होती. भागाकाराचं वेड असलेली ४१ मुलं तुमच्या वर्गात असतील तर तक्ता खुशाल जाळा.

आता दुसरी बाजू. १९६९, बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांचा अमेरिकेतल्या शाळेतला प्रयोग. वर्ग चौथीचाच, मुलं २४, त्यातली सात तर तक्रारी होऊन होऊन नावाजलेली. वर्गाचे दोन गट केले. कुणी जागा सोडली किंवा मध्येच बोललं की त्या गटाच्या नावे फळ्यावर खूण. कमी खुणांचा गट जिंकणार, पण दोघांच्याही पाचच्या वर गेल्या नाहीत तर दोघेही जिंकणार. बक्षीस म्हणजे जेवायला आधी रांग लावणं, शेवटचा अर्धा तास आवडीचं काम, असलं काहीतरी. गणिताच्या तासाला मधे बोलणं निरीक्षणाच्या ९६ टक्के वेळांत दिसायचं, ते १९ वर आलं. जागा सोडणं ८२ वरून ९ वर. खेळ थांबवला की दंगा परत, सुरू केला की परत शांत.

खडूची धूळ
"थांबवला की परत" हे तुम्ही बाजूने सांगताय की विरुद्ध? मी तेच म्हणतेय. मुलं बदलली नाहीत, सौदा बदलला.

मागचा बाक
चष्मा काढला की दिसत नाही, म्हणून चष्मा खोटा? शिवाय १९८५ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हाच खेळ पहिलीच्या वर्गांत लावला आणि मुलं विशीत जाईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पहिलीत जे मुलगे सगळ्यात मारकुटे होते, त्यांच्यात पुढे व्यसनांचं प्रमाण कमी निघालं. खोडरबर तेव्हा कधीच झिजून गेले असतील.

दोन पोरांची आई
खेळ कागदावर छान आहे. माझा धाकटा दोन मिनिटं एका जागी बसत नाही. त्याच्या वर्गात असे गट केले होते. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, मला कुठलाच गट घेत नाही." चौथ्या दिवशी पोट दुखायला लागलं. खुणा गटाच्या नावे पडतात, पण कुणामुळे पडली हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं. टक्केवारीत हे पोट दिसत नाही.

मागचा बाक
हे बरोबर आहे, आणि मूळ प्रयोगातही असंच अडलं होतं. दोन मुलं सरळ म्हणाली, आम्ही नाही खेळत, आणि मुद्दाम खुणा वाढवू लागली. तेव्हा त्यांचा हिशोब गटापासून वेगळा केला. ही सोय न करता जो खेळ लावतो तो वर्गाच्या हातात दगड देतो.

निवृत्त घंटा
३१ वर्षं शिकवलं. ना तारे, ना खेळ. पहिल्या आठवड्यात एकाला सगळ्यांसमोर चांगलं झापायचं, बाकीचे वर्षभर ताळ्यावर.

खडूची धूळ
सर, जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञांनाही असंच वाटलं होतं. वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते रागावले आणि ज्यांना काहीच बोलले नव्हते तेही सावरून बसले. मग वर्षानुवर्षं वर्ग पाहिले आणि १९७० मध्ये पुस्तकात लिहिलं, की रागावण्याच्या तऱ्हेचा आणि वर्ग आटोक्यात असण्याचा संबंध दिसत नाही. फरक पडतो तो आधी. बाईंचं चारी कोपऱ्यांत लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, एका कामातून दुसऱ्यात जाताना रेंगाळणं होतं का, यानं.

निवृत्त घंटा
लक्ष होतंच. झापणं वरून.

साडेतीन सेकंद
सगळे गप्प कसं करायचं यावरच बोलताय. गप्प मूल शिकतंय हे कुणी सांगितलं? मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत. एक! तीन सेकंद थांबायला लावलं तर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी ज्यांच्याकडून कुणाची अपेक्षा नसते ती मुलं बोलू लागली. यात तारा नाही, खूण नाही, फक्त बाईंनी तोंड मिटून उभं राहायचं. करून बघा, तीन सेकंद जाता जात नाहीत.

खडूची धूळ
हे मला झेपणार नाही असं वाटतंय, म्हणजे बहुतेक खरं असेल.

एक कबूल करते. तक्ता काढल्यापासून माझं "खाली बस" वाढलंय. काल शेजारच्या वर्गाच्या बाई मागे बसून मोजत होत्या. एका तासात २७ वेळा. १९६८ मध्ये मॅडसन आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात पाहिलं होतं, की शिक्षक "खाली बसा" जितकं जास्त म्हणतात तितकी मुलं जास्त उभी राहतात. उभं राहिलं की बाई आपल्याकडे बघतात, एवढं त्यांना पुरतं. बसलेल्यांचं कौतुक केलं तेव्हा उभं राहणं कमी झालं. म्हणजे तारा काढला आणि सगळं लक्ष मी उभ्या राहणाऱ्यांना वाटत सुटले.

तर सोमवारपासून दोन आठवडे खेळ, फक्त गणिताच्या तासाला. खोडरबर नाही, मैदानावर दहा मिनिटं जास्त. जो म्हणेल नाही खेळायचं, त्याची वेगळी ओळ. आणि खूण करताना नाव घ्यायचं नाही.

दोन पोरांची आई
नाव नाही घेतलं तरी नजर जातेच, बाई. वर्गाला तेवढं पुरतं.

खडूची धूळ
मग फळ्याकडे तोंड करून खूण करेन.

मागचा बाक
बाई फळ्याकडे वळल्या की मागे काय चालतं, हे मला विचारा.