अनंत कान्हेरेंना हार घालतो, पण त्यांच्या हातात पिस्तूल देणाऱ्यांना कधी काही विचारलंय का?

गोदाकाठ
नाशिककरांना गोल्फ क्लब ग्राउंड माहीत असतंच. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं की तो दोन सेकंद आपल्याकडे बघतच राहतो. परवा भाच्याला तिथं सोडायला गेलो तर पठ्ठ्या विचारतो, मामा हे कान्हेरे रणजी खेळायचे का? आधी हसलो, मग सगळी गोष्ट सांगायला बसलो आणि सांगता सांगता माझंच कुठंतरी अडकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झालेली, म्हणून त्याच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळीचं ‘शारदा’ ठेवलेलं. साहेब दारातून आत येतो न येतो तोच अनंतनं गोळी झाडली, ती लागली नाही, मग समोर येऊन पुन्हा झाडल्या, आणि साहेब तिथंच कोसळला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. म्हणजे चार महिनेसुद्धा नाहीत. वय अठराच्या आसपास.

माझा भाचा सतराचा आहे. त्याला अजून बँकेचा फॉर्म नीट भरता येत नाही हो. त्याग मोठा आहे, त्यावर माझं काही म्हणणंच नाही. पण औरंगाबादला शिकणाऱ्या पोराला नाशिकला आणून हे काम कुणी दिलं, त्यांच्याबद्दल आपण काहीच कसं बोलत नाही?

तिरकमठा
आला का परत तोच सूर. ‘बिचारं पोर, त्याला भरीस घातलं.’ साहेब, तुम्ही त्याच्या डोक्यातली अक्कलच काढून घेताय. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मधे जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, कशासाठी, तर कविता छापल्या म्हणून! हे वाचून अठरा वर्षांच्या माणसाचं रक्त तापणार नाही तर काय आपल्यासारख्या पन्नाशीतल्या लोकांचं तापणार, आपण ईएमआय भरणारे. त्यानं कोर्टात गुन्हा नाकारला नाही. भरीस घातलेला पोरगा पहिल्याच दिवशी रडत सगळं दुसऱ्यावर ढकलतो.

जुनी वही
बाबारावांना शिक्षा जॅक्सननं नाही दिली, सेशन्स कोर्टानं दिली. जॅक्सननं खटला वर पाठवला. हा फरक कुणी करतच नाही.

आणि माणूस म्हणाल तर त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणायचे, संस्कृतचा अभ्यासक होता. कोकणातल्या लोककथा, नवस, भुताखेतांच्या समजुती हे सगळं त्यानं शाळामास्तरांकडून गोळा करवून घेतलेलं, ते त्याच्या मृत्यूनंतर एंथोव्हेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुस्तकात आणलं. आता बघा, कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातले. म्हणजे ज्या मुलखातल्या आजीबाईंच्या गोष्टी हा माणूस जपून ठेवत होता तिथल्याच पोरानं त्याला मारलं. मला हे नेहमी टोचतं.

तिरकमठा
टोचू द्या. संस्कृत येत असलं म्हणून खुर्ची कुणाची होती ते बदलत नाही. एका हातानं आमच्या आजीच्या गोष्टी लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या हातानं आमच्या कवितांवर खटला भरायचा, असा विद्वान आम्हाला परवडत नाही. उलट असा गोड साहेब जास्त वाईट, लोक म्हणतात बघा किती चांगला आहे आणि गप्प बसतात.

चहा कमी साखर
हे शेवटचं वाक्य पटलं.

कोर्टाची पायरी
मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये. नैतिक वगैरे बाजूला ठेवा, निघालं काय ते बघा. जॅक्सन तसाही नाशिक सोडूनच चाललेला. तो गेला, दुसरा आला. पण पिस्तूल सापडलं आणि सगळी माळ ओढली गेली. ब्राउनिंग पिस्तुलं, लंडनहून बाबारावांचे धाकटे भाऊ विनायक सावरकर यांनी चतुर्भुज अमीनबरोबर २० पाठवलेली, त्यातलंच हे एक. झालं, नाशिक कट खटला उभा राहिला, मार्च १९१० ला लंडनमधे सावरकर पकडले गेले, पुढे दोन जन्मठेपा म्हणजे ५० वर्षं. नाशिकमधली क्रांतिकारकांची संघटना मोडलीच म्हणा ना. एका कलेक्टरच्या बदल्यात एवढं घालवलं. मी तर याला घाईच म्हणेन, बदलीची बातमी आली म्हणून केलेली घाई.

खुदीराम बोसचं बघा, तोही अठराचाच. १९०८, मुझफ्फरपूर, बॉम्ब न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता आणि गेल्या कोण, तर केनेडी मायलेकी. टिळकांनी त्यानंतर केसरीत लिहिलं तर त्यांना सहा वर्षं मंडाले. नाशिकमधे हे कुणाला माहीत नव्हतं का?

गोदाकाठ
मी तेच म्हणतोय. मोठ्यांनी विचार करायला हवा होता.

तिरकमठा
कोण मोठे? नावं घ्या ना.

जुनी वही
इथं मात्र मी तिरकमठांच्या बाजूनं, आश्चर्य वाटेल. गोदाकाठ, तुम्ही ‘मोठे मोठे’ म्हणताय ते कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडेच ना? कर्वे मुंबईत वकिली शिकत होता, देशपांडे मास्तर. दोघं नुकतीच विशी ओलांडलेले. आज कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजमागं खुर्च्या उचलतात त्या वयाचे. आणि हे घरी बसून वाट बघत नव्हते. थिएटरमधेच होते. अनंतचा नेम चुकला तर पुढची गोळी देशपांडेनं झाडायची, तोही चुकला तर कर्वेनं, असं ठरलेलं. १९ एप्रिलला ठाण्यात फक्त अनंत नाही, तिघंही फासावर गेले, एकाच दिवशी. शव घरच्यांना दिली नाहीत.

मला जॅक्सनचं वाईट वाटतं ते वाटतं, पण पोराला पुढं करून मागं लपले हे या तिघांबद्दल म्हणणं खोटं आहे.

गोदाकाठ
हम्म. कर्वे आत होता हे मला माहीत नव्हतं, म्हणजे वाचलेलं असेल पण डोक्यात राहिलं नव्हतं. मैदानाला एकाचंच नाव दिल्यावर असं होतं बहुतेक, बाकीचे दोघं गायबच. ठीक आहे, ‘पोराच्या हातात दिलं’ हे मी मागे घेतो. आता असं दिसतं की तीन पोरांनी आपापसात ठरवलं आणि तिघांना आवरणारं घरात कुणी नव्हतं. हे जास्त बरं आहे की वाईट ते मला कळत नाहीये.

कोर्टाची पायरी
आणि लंडन? पिस्तुलं तिथूनच आली ना.

तिरकमठा
सावरकरांनाही ५० वर्षं झाली हे तुम्हीच वर लिहिलंय. अजून किती हिशेब पाहिजे?

कोर्टाची पायरी
शिक्षेचा हिशेब नाही मागत, निर्णयाचा मागतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण असो, यावर वेगळा धागा होईल आणि तिथं मारामारी होईल.

पडद्यामागची
मधेच बोलते. नाटक ‘शारदा’ होतं हे कुणाला खटकलं नाही का? देवलांचं नाटक, कोवळ्या मुलीचं लग्न थेरड्याशी लावायला निघालेले मोठे लोक. स्टेजवर एका पोरीच्या आयुष्याचा सौदा व्हायचा होता आणि खाली प्रेक्षकात तीन पोरं बसलेली, ज्यांचा निर्णय कुणी दुसऱ्यानं घेतलेला नव्हता. योगायोगच, पण मला अंगावर काटा आला.

गोदाकाठ
हे भाच्याला सांगतो. त्याला गोष्ट परत सांगायचीच आहे, मी अर्धवट सांगितली होती. पहिली गोळी चुकली ते सांगू का, की त्यात कमीपणा वाटेल?

तिरकमठा
सांगा हो. हात थरथरला असेल की. त्यानं काय कमी होतं? उलट त्यानंतरही तो पुढं गेला. आणि कर्वे, देशपांडे ही नावं पण सांगा.

चहा कमी साखर
आणि पुढच्या वेळी रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगा, दोन सेकंद बघू द्या त्याला.