हंपीचं विठ्ठल मंदिर, आईला घेऊन जावं का?

माऊलीभक्त: आई ६८ वर्षांची आहे, आषाढीला पंढरपूर चुकवत नाही. संत भानुदासांनी (म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी) विठ्ठल हंपीहून परत आणला ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आलीय, आता म्हणते एकदा ते देऊळ डोळ्यांनी बघायचंय. पण गाभारा रिकामा आहे म्हणे, तिला वाईट तर नाही ना वाटणार? आणि गुडघे दुखतात, चालायला किती लागतं?

भटक्या: बिनधास्त न्या. गाड्या लांबच थांबवतात, तिथून बॅटरीवरच्या गाडीने साधारण एक किलोमीटर जायचं. विरूपाक्ष मंदिराकडून नदीकाठाने पण वाट आहे, ती सुंदर आहे पण खडकाळ, त्यामुळे आईंना नको. मंडपांची जोती उंच आहेत, पायऱ्यांवर हात धरा. आणि सकाळी लवकर जा, दुपारी तिथला दगड भयंकर तापतो.

दगडधोंडे: पन्नासच्या नव्या नोटेवरचा रथ याच आवारातला. खरं तर ते गरुडाचं देऊळ आहे, गरुड विठ्ठलासमोरच असायचा ना. पुढचे हत्ती नंतर ठेवलेत, त्यांच्या मागे नीट बघा, आधीच्या घोड्यांच्या शेपट्या दिसतात. रथावर विटांचं शिखर पण होतं, १८५६ च्या फोटोत ते आहे. संगीत खांब वाजवायला मनाई आहे, कोणी वाजवून दाखवतो म्हणाला तरी नको म्हणा, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर एवढी लूट आणि मोडतोड सोसून ते उभे राहिलेत, आपल्या बोटांनी झिजायला नकोत.

तुळशीमाळ: मी आजीला नेलं होतं. गाभाऱ्यापाशी ती बराच वेळ गप्प उभी राहिली, मला वाटलं रडते की काय, तर म्हणाली, "इथून निघाला म्हणून आपल्याला भेटला." मग दगडावर हात ठेवून हळूच अभंग म्हटला. वाईट वाटतं का, तर वाटतं थोडं, पडलेले मंडप बघताना मलाच जास्त वाटलं. त्यांना घाई करू नका एवढंच. नंतर विरूपाक्षाला न्या, तिथे पूजा अजून चालू आहे, नारळ ठेवायचा असेल तर तिथे ठेवता येतो.

माऊलीभक्त: आजीचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती लगेच बॅगेत माळ ठेवायला उठली. थंडीतलं तिकीट काढतोय, होसपेटपर्यंत ट्रेनने.